दळणाचा फोटो

बचत गटाची सहल आळंदीला जाणार म्हणून दिपालीनं नाव दिलं होतं. ऐनवेळी बस देणाऱ्या साहेबांनी अट घातली, आधी चिंचवडला मानवी हक्कांचं नवं संग्रहालय निघालंय ते बघा, मग देव. फुकटच्या बसला कुठं न्यायचं ते बस देणाराच ठरवतो, त्याला इलाज नाही. दिपाली मुकाट घरमालकीण शालनबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

शालनबाई रहाटणीतल्या जुन्या घराण्यातल्या. मनानं वाईट नव्हत्या. दिपालीच्या पोराला फणफणून ताप आला तेव्हा त्यांनीच रिक्षा करून त्याला दवाखान्यात नेलं होतं. फक्त खोली देताना आडनाव विचारायच्या आणि वर कौतुकानं सांगायच्या, "आमी आपल्या माणसालाच ठेवतो."

या 'आपल्या'त दिपाली बसत नव्हती. भोसरीतल्या दोन खोल्या 'गावाकडनं भाचा राहायला येतोय' म्हणून सोडायला लागल्या होत्या. भाचा कसला, आडनाव कळलं होतं मालकांना! म्हणून इथं तिच्या नवऱ्यानं, धम्मरत्ननं, नाव सांगितलं रत्नाकर आणि आडनाव पाटील. शालनबाई कागदपत्रांच्या भानगडीत पडत नसत, त्यामुळे निभावलं. पोराची शाळा समोरच होती. ही खोली गेली तर पुन्हा दारोदार फिरणं आलं.

संग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात ती वळली. भिंतीवर तिची आई होती.

डोक्यावर दळणाचं गाठोडं, पदर कमरेला खोचलेला. शेजारी आईचं लुगडं मुठीत धरून उभी असलेली फ्रॉकमधली पोरगी म्हणजे दिपाली स्वतः. त्या साली आईनं गावच्या विहिरीवर पाणी भरलं होतं, म्हणून गावानं वस्तीला वाळीत टाकलं. गिरणीवाला दळून देईना. मग आई शेजारच्या गावी चालत जायची. खाली ठळक अक्षरांत सोजरबाई कांबळे, मग गाव, जात, काही म्हणून सोडलेलं नव्हतं.

"मावशी, चला पुढं, इथं काही नाही," दिपाली घाईनं म्हणाली.

पण शालनबाई फोटोसमोर उभ्या राहिल्या होत्या. "चष्मा बसमधीच ऱ्हायला बघ. काय लिव्हलंय, वाच बरं."

मागून गटाची अध्यक्ष स्वरूपा प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत येत होती. तिचा आवाज जवळ यायला लागला. तेवढ्यात शालनबाई फोटोकडं आणखी वाकल्या.

"ही पोर कुणासारखी तरी दिसतीया गं."

"दुष्काळातली बाई आहे मावशी. खडी फोडायला चाललीय."

"आन नाव?"

"नाव दिलेलं नाही."

"न्हाई? कुणाची कोण बिचारी," शालनबाई हळहळल्या. दिपालीनं त्यांचा दंड धरला आणि जवळजवळ ओढतच त्यांना बाहेर नेलं. स्वरूपा तोवर त्या फोटोपाशी पोचली होती, पण चहा आल्याची हाक आली आणि बायका तिकडं पांगल्या. वाचलो, असं दिपालीच्या मनात आलं आणि त्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली.

पण भीती किळसेहून मोठी होती. आई पुढच्या आठवड्यात राहायला यायची होती. हाच चेहरा, म्हातारा झालेला का होईना, दारात दिसला तर शालनबाई ओळखतीलच. मग पुन्हा इथं येऊन पाटी वाचायची म्हटली, तर त्यांचा चष्मा कायमचा थोडाच बसमध्ये राहणार होता! तिनं बसच्या आडोशाला जाऊन फोन लावला.

"आई, तू आत्ता नको येऊ. मीच येते गावाकडं."

"बरं," आई म्हणाली. का, असं तिनं विचारलंच नाही. मग म्हणाली, "तिकडं चिंचवडात माझा फोटू लावलाय म्हणं. ते नाव बारीक लिव्हत होते. म्या म्हनलं, मोठं लिव्हा. लेक तिकडंच ऱ्हाती माझी, तिला लांबून वळखू आलं पायजे. बघितलास का गं?"

"नाही," दिपाली म्हणाली.