झ राहिला

"अक्षर म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते!" पेंटरकाकांनी बोट वर करून जाहीर केलं.

बोट समोरच्या न्हाव्याच्या पाटीकडे होतं. ती काकांनीच तीस वर्षांपूर्वी रंगवली होती, आणि 'केशकर्तनालय'मधला 'केश' केव्हाच गळून गेला होता. नुसतं कर्तनालय उरलं होतं. तरी गिऱ्हाईक येत होतं, हे विशेष.

काकांच्या दारात बसलेल्या पाहुणीने त्या पाटीचाही फोटो काढून घेतला. ती फॉन्ट तयार करायची, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरं. सहा महिने गल्ल्या पालथ्या घालून तिने काकांच्या उरल्यासुरल्या पाट्या टिपल्या होत्या.

काकांचं अक्षर लांबूनही ओळखू येई. उभी रेघ पहिलवानाच्या मांडीएवढी, आडवी शिवणाच्या दोऱ्याएवढी, आणि प्रत्येक टोकाला त्रिकोणी टाच. धंद्यात त्यांना 'बुटाची अक्षरं' म्हणत. तपकीरवाला असो की छत्रीवाला, काकांनी सगळ्यांना बूट घालून रस्त्यावर उभं केलं होतं.

"याला आता केवढी मागणी आहे, काका! जॅमच्या बाटल्या, कॉफीची दुकानं, पुस्तकांची कव्हरं. व्हिंटेज म्हणतात."

"म्हणजे काय?"

"जुनं."

"मग जुनंच म्हणायचं की."

"जुनं म्हटलं की लोक स्वस्तात मागतात."

काकांना हे एकदम पटलं.

"फक्त एकच अडचण आहे," ती म्हणाली. "सगळी अक्षरं मिळाली, झ तेवढा मिळत नाही. झ नसेल तर फॉन्ट पुरा होणार नाही."

काकांनी दुकानं आठवून पाहिली. चपला, घड्याळं, खिळे, कंदील. झ कोणी विकायला ठेवलाच नव्हता. झेरॉक्सवाला आला खरा, पण तो येताना छापील फ्लेक्स घेऊनच आला, आणि त्याच्या पाठोपाठ सगळ्या बाजाराने फ्लेक्स लावले.

"झ मला एकदाच लिहायचा होता," काका म्हणाले. "राहून गेला."

त्यांच्या डोक्यावर, दाराच्या वर, एक कोरी पांढरी पाटी होती.

काकू घरी शिवणकाम करायच्या. त्यांचं लाडाचं नाव झिप्री. खऱ्या नावाने काका फक्त भांडताना हाक मारत. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी काकूंनी पत्रा कापून आणला होता. "'झिप्री टेलर', एवढंच लिहा."

"लिहितो गं. लोकांची कामं तर उरकू देत. तुझं काय, घरचंच आहे."

घरचं काम अडतीस वर्षं घरीच राहिलं. दर वर्षी काकू पाटीला पांढऱ्या रंगाचा एक हात देऊन ठेवत. न जाणो, उद्या लिहायला घेतलं तर तयार असलेली बरी. हातावर हात बसून पत्रा फळीएवढा जाड झाला.

शिडी मात्र रोज त्याच धरत. वर चढलेल्या माणसाला अक्षर दिसतं, शब्द दिसत नाही. म्हणून काका वरून विचारत, "बघ गं, काय राहिलं?" आणि काकू खालून ओरडत, "काना!" एकदाच त्या तापाने पडल्या, तेव्हा काका 'येथे दात काढतात'ऐवजी 'येथे दात काढता' रंगवून आले. आठवडाभर लोक दवाखान्यात डोकावून "हो, काढतो" असं सांगून जात होते.

चार महिन्यांपूर्वी काकू गेल्या. यंदाचा हात बसला नव्हता. पाटीच्या कडेने गंज डोकावत होता.

"कागदावर काढून दिलात तरी चालेल," पाहुणी म्हणाली.

काकांनी पेन्सिल घेतली. हात थरथरला आणि झ गुडघ्यातून वाकला. दुसरा झ त्याच्यावर रेलला.

"बसून येत नाही मला," काका पेन्सिलवर चिडले. "शिडीशिवाय माझा हात चालत नाही."

सत्त्याहत्तराव्या वर्षी काका शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढले. डाव्या हातात काळ्या रंगाचा डबा, उजव्या हातात ब्रश. खाली पाहुणी दोन्ही हातांनी कॅमेरा धरून उभी. पहिला पट्टा ओढला आणि हात थरथरायचा थांबला. झ उतरला. मांडी, दोरा, टाच, सगळं जिथल्या तिथे. तासाभराने 'टेलर'चा र संपला.

काकांनी मागे वळून न बघता विचारलं, "बघ गं, काय राहिलं?"

तो 'गं' आपल्यासाठी नाही, हे पाहुणीला कळलं. काका पाटीकडे तोंड करून थांबले. समोरचा न्हावी कात्री हातात घेऊन दारात आला.

शेवटी पाहुणीच म्हणाली, "वेलांटी राहिली, काका. पहिली."

झ पत्र्याच्या कडेला खेटून उभा होता. त्याच्याआधी वेलांटीला जागाच ठेवलेली नव्हती. काकांनी ती बारीक करून, अंग चोरून कोपऱ्यात उभी केली. बूट काही बसले नाहीत. अनवाणीच राहिली.

"ती मी कॉम्प्युटरवर जाड करून घेईन," पाहुणी हळूच म्हणाली.

"तुझा झ घेऊन जा. ती राहू दे." काकांनी ब्रश डब्यात टाकला. मग म्हणाले, "आणि पोरी, तो कॅमेरा ठेव खाली आणि जरा शिडी धर. न धरता उतरायची सवय नाही मला."