नरच हवा

राबिगाने चिमट्यातलं झुरळ डब्यात सोडलं, झाकण लावलं आणि दाराकडे बघत म्हणाली, "या काका, बूट तिथेच काढा."

म्हातारा आधी भिंतीला टेकला. तीन जिने चढून तो आला होता, पण त्याचा श्वास अजून दुसऱ्याच मजल्यावर होता. नाव तुलेगेन, वय एकाहत्तर, तीस वर्षं कारागांदाच्या कोळसा खाणीत. एवढं त्याने फोनवरच सांगून टाकलं होतं.

रविवारची दुपार होती. आठवडाभर दवाखान्याच्या खिडकीत बसून लोकांची कार्डं लिहायची आणि सुट्टीच्या दिवशी विकायला भिंतभर मांडलेल्या ऐंशी केसाळ कोळ्यांच्या पाण्याच्या वाट्या भरायच्या. चौदा वर्षांपूर्वी याची हौस होती. आता राबिगा विटली होती. येणारा प्रत्येक जण तेच दोन प्रश्न विचारायचा: चावतो का, आणि जगतो किती?

"कुत्रा का नाही पाळत?" तिने विचारलं.

"त्याला फिरवायला माझ्या पाचव्या मजल्यावरून कोण उतरणार? तू?"

"मग पोपट?"

"बडबडायला बहीण आहे माझी."

राबिगाने वरच्या फळीकडे बोट दाखवलं. "मग ही गुलाबी मादी न्या. सगळे मादीच मागतात. शांत असते, वीस वर्षं सहज काढते."

"आणि नर?"

"मोठा झाला की वर्षभर. तेही कसंबसं."

"मग नरच दे."

तिने वळून बघितलं. म्हातारा चेष्टा करत नव्हता.

"डॉक्टरने मलाही तेवढंच सांगितलंय. मुलगा परदेशी, सुनेला मुंगी बघून घाम फुटतो. माझ्यामागे याला कोण बघणार? दोघं बरोबरच आटपू."

राबिगाची आईही असंच बोलायची. हा माझा शेवटचा हिवाळा, म्हणत तिने नवे लोकरीचे बूट घेऊ दिले नाहीत आणि त्याच फाटक्या बुटांत आणखी तीन हिवाळे काढले. राबिगाला तेव्हा यायचा तोच राग आता आला. थकलेल्या माणसाचा राग, त्यात जोर नव्हता, पण हट्ट होता.

नर खालच्या फळीवर होता, लांब पायांचा, खाणं सोडलेला. म्हातारा मान खाली घालून पैसे मोजत असताना तिने वरच्या फळीवरून सहा वर्षांची मादी काढली.

"हा घ्या नर."

डब्याला पाकीट चिकटवलेलं होतं. त्यात मादीने टाकलेली कात होती. कोळी नर की मादी हे कातीवरून कळतं, म्हणून ती गिऱ्हाइकाला द्यायची रीत. पाकीट कसं लपवावं या विचारात राबिगा असतानाच म्हातारा म्हणाला,

"थांब. ढोर विकलं की दावं घरात ठेवून घ्यायचं, नाहीतर बरकत ढोरामागे निघून जाते. मेंढपाळाचा मुलगा आहे मी. याला दावं नाही, पण याचं काहीतरी तू ठेवून घे."

"कात ठेवते," राबिगा म्हणाली. खोटं इतकं सोपं झाल्याची तिला लाज वाटली.

पुढच्या वर्षी, बर्फ पडायला लागल्यावर त्याचा फोन आला.

"गेला गं तुझा नर. सकाळपासून उताणा पडलाय. त्याने वेळ पाळली, मीच मागे राहिलो."

"हात लावू नका त्याला!" राबिगा उठून उभी राहिली. "मरताना कोळी पाय पोटाशी घेतो, उताणा पडत नाही. ही कात टाकतेय."

"ही?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. लपवायचं त्राणही नव्हतं.

"मोठा नर पुन्हा कात टाकत नाही, काका. ती मादी आहे. मी खोटं बोलले."

पलीकडे छातीची घरघर वाढली. तो रडतोय की फोन आपटणार आहे, तिला कळेना.

"भवाने," तो म्हणाला. "वीस वर्षं म्हणाली होतीस ना?"

"सात झाली त्यातली."

पलीकडे ड्रॉवर ओढल्याचा आवाज झाला.

"आता हिला खायला काय घालू?"

"पंधरा दिवस काही नको. दात कोवळे असतात, झुरळच तिला कुरतडेल. नुसतं पाणी ठेवा."

"थांब, लिहून घेतो. पंधरा दिवस पाणी." पेन थांबलं. "आणि सोळाव्या दिवशी?"