कबरीपाशी चुकलेले नाव

निषेधाचे बारा फलक मी रंगवले होते. पाट्या रंगवणे हा माझा व्यवसाय. चार माणसांत तोंड उघडायचे म्हटले की मला घाम फुटतो. पण माझी अक्षरे लांबून वाचता येतात, म्हणून चर्चच्या कमिटीने हे काम माझ्या गळ्यात घातले. गावात एक नवे नाटक लागले होते. त्यात दफनविधी चालवणारा पाळक मृत बाईचे नावच चुकतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतात, असे आम्ही ऐकले होते. शनिवारी नाट्यगृहासमोर उभे राहायचे ठरले.

शुक्रवारी दुपारी आमचे पाळक, म्हणजे माझे बाबा, कोटाची बटणे लावत म्हणाले, "आधी पाहून तर येऊ."

"पाळकसाहेब, आपणच तिकीट काढून बसलो तर निषेध कसला डोंबलाचा?" कमिटीचे खजिनदार म्हणाले.

"न बघता रागवायला मला जमत नाही हो. तुम्हीही चला. मी हसलो तर चिमटा काढा."

खजिनदार धुसफुसत आले. ते दोघे पुढच्या रांगेत बसले, मी बराच मागे.

तो प्रसंग आला. नाटकातल्या पाळकाने चुकीचे नाव घेतले, घड्याळ पाहिले आणि तो पुढे वाचू लागला. सभागृह हसले. त्या हास्यात बाबांची पाठ मला फार एकटी दिसली.

प्रयोगानंतर नाटकाची लेखिका रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसली आणि "काही विचारायचंय?" म्हणाली. बाबा उभे राहिले.

"मी पाळक आहे."

"आला मोर्चा!" मागून कोणीतरी ओरडले.

लेखिका ताठ झाली. "नाटक बंद करा म्हणणार असाल, तर ते आधीही ऐकलंय."

"नाही. मीही असाच चुकलो होतो, हे सांगायचंय. एकवीस वर्षं झाली. कबरीपाशी आईऐवजी लेकीचं नाव घेतलं. लेक समोर उभी, धडधाकट!"

हशा पिकला. "हसा, हसा," बाबा म्हणाले. "तिच्या भावालाही तेव्हा हसू आवरलं नव्हतं. ती मात्र रडायचीसुद्धा थांबली."

हे मला ठाऊक नव्हते. खजिनदारांनाही नसावे, ते मान वळवून बाबांकडे पाहतच राहिले होते. आमच्या चर्चच्या मंडळीत बाबांचा शब्द आजवर कोणी खाली पडू दिला नव्हता, आणि ते स्वतःच तो मान अनोळखी माणसांपुढे उतरवून ठेवत होते.

"मग?" लेखिकेने विचारले.

"दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. दार उघडलं नाही. सात दिवस गेलो. आठव्या दिवशी लेक म्हणाली, 'आता आत बसा, आणि आई कशी होती ते ऐका.' तीन तास ऐकलं. तेव्हापासून विधीच्या आधी घरी जाऊन ऐकतो, मगच पुस्तक उघडतो. तुमचं नाटक खोटं नाही, बाई. मला एवढंच विचारायचंय, तुमचा पाळक दुसऱ्या दिवशी कुठे जातो?"

तिने बोटातली अंगठी फिरवली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. म्हणून लिहितानाही मी तिथेच थांबले."

"कोण गेलं होतं तुमचं?"

"आई."

"मग सांगा. मी ऐकतो. उशीर झालाय खरा, पण मला घाई नाही."

बाबा रंगमंचाच्या पायऱ्यांकडे निघाले. गुडघ्यामुळे त्यांना चढवेना. खजिनदार उठले आणि त्यांनी बाबांना हात दिला. उद्याचा निषेध त्या क्षणीच संपला. बाबा लेखिकेशेजारी, तिच्यासारखेच पाय सोडून बसले, आणि ती अडखळत आईविषयी बोलू लागली. घरी जायला कोणी उठले नाही.

माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत कुजबुजल्या, "नाटकातलेच ना हे आजोबा? किती खरं करतात!"

"माझे बाबा आहेत ते," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला असावा. माझ्या पुढच्या दोन रांगा वळून माझ्याकडे पाहू लागल्या, आणि मी मान खाली घातली नाही.