आईंचा राग

दिवाणखाना माणसांनी गच्च भरला होता. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून शेजारपाजारचे लोक दाराला टेकून, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होते. सगळ्यांची नजर भिंतीवरच्या फोटोवर होती. स्विचबोर्डाच्या बरोबर वर, लाकडी चौकटीतून, घरची दिवंगत थोरली बाई कपाळाला आठी घालून बघत होती. फोटो काढताना डोळ्यांवर ऊन आलं होतं, एवढंच. पण आता त्या आठीला भलताच अर्थ चिकटला होता.

"मुली, चौकटीवर हात ठेव," महाराज म्हणाले. हे महाराज मेलेल्यांशी बोलत. जिवंतांशी बोलताना मात्र आवाज खोल विहिरीतून काढत. "आणि म्हण, आई, मला क्षमा करा."

सुनेनं हात ठेवला. "आई" एवढंच तोंडून निघालं आणि फट्‌ असा आवाज होऊन घरभर अंधार झाला. पंखा गरगरत थांबला. आतल्या खोलीत तिची लहानगी "आजी आली, आजी आली" म्हणून रडायला लागली.

"ऐकलंत? ही जवळ गेली की आत्मा उजेड काढून घेतो!" महाराज गरजले. हेच वाक्य तासाभरापूर्वी चहा पिताना घरच्यांनीच त्यांना सांगितलं होतं, पण आत्म्याच्या तोंडी ते फारच भारदस्त वाटलं. "हिला माहेरी पाठवा. आत्मा शांत होईपर्यंत परत आणू नका. पोरगी इथेच राहू दे, तिच्यावर आजीचा जीव आहे."

सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, काडेपेटी चाचपडू लागले. नवरा अंधारातच पुटपुटला, "थोडेच दिवस गं. उद्या संध्याकाळी सोडून येतो." ती चाचपडत आतल्या खोलीत गेली आणि तिनं रडणाऱ्या लेकीला उचलून घेतलं.

आईंचा फोटो भिंतीवर लागला त्याच आठवड्यात पहिल्यांदा फ्यूज उडाला होता. मग उडतच राहिला. वायरमननं इस्त्री, फ्रिज, पंखे सगळं तपासलं. दोष काही सापडेना. अण्णा वैतागून म्हणाले, "फ्यूजला जाड तार घालून टाक, म्हणजे कटकट मिटेल."

"नको अण्णा. फ्यूज जळला नाही तर भिंतीतली वायर जळेल. घर वाचवायलाच तो असतो," वायरमन म्हणाला आणि डोकं खाजवत निघून गेला. न सापडलेल्या दोषाच्या त्या रिकाम्या जागेत महाराज अलगद येऊन बसले.

सगळ्यात वाईट म्हणजे, आता सुनेलाही ते पटू लागलं होतं. आईंच्या चपला अजून पलंगाखाली होत्या. तिन्हीसांजेला त्या जरा सरकल्यासारख्या वाटत. भाजीतल्या मिठावरून दोघींची रोज वादावादी व्हायची, पण शेवटच्या आजारात आईंना हात हवा असायचा तो हिचाच. मग आता एवढा राग कशाचा, हे तिला उमगत नव्हतं. आरशात स्वतःकडे बघायचीही तिला भीती वाटू लागली होती.

दुसऱ्या दुपारी तिनं बॅग भरली आणि शिलाई मशीनवर कापड टाकलं. कपडे शिवण्याचा तिचा व्यवसाय होता. मशीनचा दोरा सारखा तुटू लागला की ती कोणालाही दोष देत बसायची नाही. आधी सुई बदलायची, मग दोरा, मग ताण. एका वेळी एकच गोष्ट. कापडावरचा हात तसाच ठेवून ती फोटोकडे बघत राहिली.

मग उठून तिनं दिवा लावला आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "आई, मला क्षमा करा," तिनं सबंध वाक्य म्हटलं. दिवा जळत राहिला. भिंतीला हात लावला. दिवा जळतच होता. रोजच्या सवयीनं फडकं घेऊन काच पुसली, चौकट जराशी हलली, आणि फट्‌.

ती फडकं घेऊन दोन पावलं मागे सरली. म्हणजे जवळ जाऊन काही होत नव्हतं, फोटोला हात लावला की होत होतं. पण तिच्याच हातानं, की कोणाच्याही? ते कळायला दुसरा हात हवा होता.

संध्याकाळी फ्यूजला नवी तार घातली गेली. शेजारी पुन्हा जमले, निरोप द्यायला थोडे आणि बघायला जास्त. महाराजही येऊन खुर्चीत बसले होते. सुनेनं फडकं अण्णांपुढे धरलं.

"अण्णा, जाता जाता एकच मागते. आज फोटो तुम्ही पुसा."

"खबरदार!" महाराज ओरडले. "आत्मा खवळेल!"

"माझी बायको आहे ती," अण्णा म्हणाले आणि त्यांनी फडकं घेतलं. फोटो लागल्यापासून त्यांनी त्याला हातही लावला नव्हता. धीरच होत नव्हता. काचेवरून हात फिरला, चौकट हलली, फट्‌. अंधार.

मग महाराज घाईघाईनं म्हणाले, "आत्मा आता यांच्यावरही कोपलाय! मोठा विधी करावा लागेल!"

"म्हणजे आता अण्णांनाही माहेरी पाठवायचं का हो?" शेजारच्या काकूंनी विचारलं. अंधारात हशा पिकला.

"ही माझ्यावर जन्मभर रोज रागावली," अण्णा फोटोजवळूनच म्हणाले. "पण रागावली तरी आधी जेवायला वाढायची. माणसांना अंधारात ठेवणारी बाई नव्हती ती. पोरी, बॅग आत ठेव."

मेणबत्ती पेटेपर्यंत महाराजांची खुर्ची रिकामी झाली होती.

सकाळी वायरमननं मेन स्विच बंद केला, फोटो उतरवला आणि खिळा उपसला. त्याचं टोक काळं पडलं होतं. थोडा गिलावा उडवल्यावर बोर्डाकडून वर जाणारी नळी दिसली. खिळा ती फोडून दोन वायरींच्या मधोमध घुसला होता. वरचं आवरण सोललं गेलं होतं. फोटो स्थिर असला की काही नाही. हलला की खिळा कलायचा, दोन्ही तारांना एकदम टेकायचा आणि शॉर्ट होऊन फ्यूज उडायचा.

"चौकट लाकडाची म्हणून निभावलं, नाहीतर पुसणाऱ्यालाच झटका बसला असता," वायरमन म्हणाला. "चूक माझीही आहे. सगळं उघडून बघितलं, पण गेलेल्या माणसाचा फोटो कसा उतरवायचा, म्हणून तेवढाच सोडला."

"मी ठोकला होता तो खिळा. दिव्याखाली फोटो छान दिसेल म्हणून," नवरा हळूच म्हणाला. "पण मग फ्यूज हिच्याच वेळी का उडायचा?"

"फोटो हलवत कोण होतं?" वायरमननं विचारलं.

फोटोसमोर सगळेच उभे राहायचे, पण त्यावरची धूळ पुसणारी ती एकटीच होती.

सून लेकीला उराशी धरून खूप रडली. आई तिच्यावर रागावल्या नव्हत्या. मग डोळे पुसून, दारात जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दिवे गेले तर वायर बघा, भिंत बघा. नाही सापडलं तर अजून सापडलं नाही म्हणा आणि पुन्हा शोधा. पण त्यासाठी घरातल्या माणसाला दाराबाहेर काढू नका."

फोटो समोरच्या भिंतीवर लागला. दुसऱ्या दिवशी ती फडकं शोधू लागली तर ते जागेवर नव्हतं. अण्णा स्टुलावर चढून काच पुसत होते, आणि दिवा चालू होता.