आपोआप नीट होईल

बांधलेला डबा सुगतनं सोडला आणि चारही कप्पे ओट्यावर ओळीनं मांडले. रूपालीनं घाईघाईत भात खाली आणि वरण वर ठेवलं होतं. सुगतच्या डब्यात वरण तळाशी असतं, त्यावर भात, मग भाजी आणि सगळ्यात वर पोळ्या. त्यानं ते तसं लावलं, कडी दाबली आणि डबा दाराजवळच्या रांगेत नेऊन ठेवला. बहिणीला एका शब्दानं बोलला नाही.

“वरण वर असलं काय नि खाली असलं काय, पोटाला कळतंय व्हय?” रूपाली म्हणाली.

“त्याच्या कामात हात घालू नको,” दोघांची आई, पार्वतीबाई, पोळी लाटता लाटता म्हणाली. “पोरं चुकतेत, तो चुकत न्हाई.”

लातूरच्या या गल्लीत जितकी घरं तितके क्लास आणि जितके क्लास तितक्या मेस. दर उन्हाळ्यात नवी पोरं येतात, प्रत्येकाला डॉक्टर व्हायचं असतं आणि प्रत्येकाला आईच्या हातचं आठवत असतं. पोराला सोडायला आलेले आईबाप पार्वतीबाईची मेस बघायला येत. स्वयंपाकघरात डोकावत, तेलाचा डबा बघत आणि मग त्यांची नजर सुगतवर थांबे. चोवीस वर्षांचा उंचापुरा गडी, पण नजर देत नाही, ग्लास मांडताना स्वतःशीच पुटपुटतो, कुणी खांद्याला हात लावला तर अंग चोरतो.

मग पार्वतीबाई न विचारताच सांगे, “भूकंपात धसका घेतला लेकरानं. होईल आपोआप नीट.”

आणि समोरचा माणूस एकदम मऊ होई. “होईल, होईल,” म्हणे. भूकंप म्हटल्यावर या भागात कुणी पुढं विचारत नाही. ज्याच्या त्याच्या घरचं कुणी ना कुणी त्या ढिगाऱ्यात गेलेलं.

सुगतला स्वतःची वाक्यं जुळवता येत नसत, ऐकलेली मात्र तो जशीच्या तशी सांभाळून ठेवी. हेही वाक्य त्यानं आईच्याच सुरात उचललं होतं. कुणी टक लावून बघितलं की तोच सांगून मोकळा व्हायचा, “भूकंपात धसका घेतला लेकरानं. होईल आपोआप नीट.” आणि समोरच्यानं “होईल” म्हटल्याशिवाय जागचा हलायचा नाही. मेसची पोरं हसत, पण “होईल” म्हणत. वाईट नव्हती पोरं.

रूपाली कालच नांदेडहून आली होती. सोबत तिचा तीन वर्षांचा सम्यक आणि सासू पंचशीलाबाई. पंचशीलाबाईंच्या पुतणीचं इथं लग्न होतं, म्हणून दोन दिवसांचा मुक्काम. सम्यक आल्यापासून टेबलाखाली बसून डब्याचं झाकण फरशीवर गोल गोल भिंगवत होता. झाकण आडवं पडलं की पुन्हा उभं करायचा. पंचशीलाबाईंनी किती हाका मारल्या, वर बघितलं नाही. पार्वतीबाईनं दुसऱ्यांदा हाक मारलीच नाही. तिला ते झाकण नव्हे, वीस वर्षांपूर्वी सुगत अशीच भिंगवायचा ती पितळेची वाटी दिसत होती.

दुपारचे डबे गेले. पंचशीलाबाई पुढच्या खोलीत आडव्या झाल्या. तेव्हा रूपाली कणकेची परात घेऊन आईजवळ बसली.

“माय, नांदेडच्या डॉक्टरला दाखवलं मी ह्याला. आत्याबाईला न्हाई सांगितलं. त्या म्हणतेत, बोलंल आपोआप, ह्याचा बाप बी उशिरा बोलला.”

“मग बरोबर हाय त्यांचं.”

“डॉक्टर म्हणले, आत्ताच शिकवाया घ्यावं लागंल. रोज न्यावं लागंल. मला इचारलं, घरात आणखी कुणी हाय का असं? मी भावाचं सांगितलं. म्हणले, तो जन्मापासून तसा का भूकंपानंतर, ते आईला नीट इचारून या.”

पार्वतीबाईनं पोळी तव्यावर टाकली.

“बोलायचा का गं सुगत? भूकंपाच्या आधी?”

“बोलायचा की,” पार्वतीबाई म्हणाली. “चुरुचुरु बोलायचा.”

पुढची पोळी वेडीवाकडी लाटली गेली. तिनं ती मोडून पुन्हा गोळा केली.

‘नाही’ म्हणायला जीभ वळलीच नाही. वळणार तरी कशी? रूपालीचं लग्न ठरताना पंचशीलाबाईंनी एकच गोष्ट विचारली होती, “पोरगा जन्मापासून तर असा न्हाई ना? रक्तातलं काही नको.” तेव्हा ‘भूकंपात धसका घेतला’ या एका वाक्यानंच लग्न तारून नेलं होतं. आता ते खोटं ठरलं तर पोरीनं नांदायचं कुणाच्या तोंडाकडं बघून?

गावात असताना सुगत चार वर्षांचा झाला तरी ‘माय’ म्हणत नव्हता. सासू म्हणायची, हिच्याच पोटाचा दोष. वाडीवस्तीवर त्याला मुका म्हणत, कुणी त्याहून वाईट. मग त्या पहाटे घर बसलं. नवरा केरबा आणि सासू दोघं त्यात गेले. ती आणि दोन लेकरं पत्र्याच्या शेडमध्ये आली, आणि तिथं नवल घडलं. तिथली कितीतरी लेकरं गप्प होती. कुणी घास घेत नव्हतं, कुणी कान झाकून बसायचं. सुगत पहिल्यांदाच चारचौघांसारखा दिसला. पुण्याकडून आलेली एक बाई लेकरं तपासत फिरत होती. तिनं विचारलं, “आधी बोलायचा का हो हा?” आणि पार्वतीबाई म्हणून गेली, चुरुचुरु बोलायचा. बाईचे डोळे भरून आले. “धक्का बसलाय,” ती म्हणाली. “वेळ द्या. आपोआप नीट होईल.”

खरं सांगायला घरावस्तीतलं मोठं कुणी मागं उरलं नव्हतं. दुःखात सुख म्हणतात ते हेच असावं, असं तेव्हा तिला वाटलं होतं, आणि तसं वाटल्याची लाज अजून जात नव्हती.

मग तिनं वेळ दिला. सगळंच त्याला देत गेली, घासही आणि वेळही, फक्त शिकवलं नाही. जे आपोआप नीट होणार आहे ते शिकवायचं कशाला? पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या शर्टाच्या गुंड्या तीच लावायची. तेव्हा मेसला देवणीचा यासेर नावाचा मुलगा होता. तो रोज जेवण झालं की सुगतच्या समोर बसायचा, त्याचे हात हातात न घेता नुसता स्वतःच्या शर्टाची गुंडी काढून घालून दाखवायचा. महिनाभरात सुगत गुंड्या लावायला लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पार्वतीबाई मोरीत जाऊन रडली, आणि ते रडं आनंदाचं आहे असं तिनं सगळ्यांना सांगितलं. यासेर पुढं शिकायला निघून गेला. कोपऱ्यातल्या त्याच्या जागेवर सुगत अजून ताट मांडतो. पोरं ती जागा सोडून बसतात.

संध्याकाळी पंगत बसली. सुगत पाणी वाढत होता. पंचशीलाबाई खुर्चीवर बसून कौतुकानं बघत होत्या. “कामाचा हाय बरं का पोरगा,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आत कुकरची मोठी शिट्टी झाली. टेबलाखाली सम्यकनं झाकण फेकलं, दोन्ही कान घट्ट दाबले आणि किंचाळत डोकं फरशीवर आपटायला लागला. रूपाली धावली, त्याला उचलायला गेली तसा तो आणखीच ताठ झाला.

सुगतनं पाण्याचा जग खाली ठेवला. आत जाऊन गॅस बंद केला. मग सम्यकपासून हातभर लांब उकिडवा बसला, पडलेलं झाकण उचललं आणि फरशीवर भिंगवलं. पोराचं किंचाळणं हळूहळू ओसरलं. दोघंही त्या फिरत्या झाकणाकडं बघत राहिले, मान एकाच बाजूला कललेली.

सगळी पंगत बघत होती. इतक्या नजरा वळल्या की काय बोलायचं, हे सुगतला पक्कं ठाऊक होतं.

“भूकंपात धसका घेतला लेकरानं,” तो आईच्या सुरात म्हणाला. “होईल आपोआप नीट.”

पोरं हसली. पंचशीलाबाईंनाही हसू आवरेना. “आता कुठला रे भूकंप? हे तर परवाचं लेकरू!”

सुगत कुणाकडं न बघता थांबला होता. त्याला “होईल” हवं होतं. पार्वतीबाई हातातलं पोळ्यांचं ताट तसंच धरून दारात उभी होती.

“न्हाई सुगत,” ती म्हणाली. “आपोआप न्हाई व्हत.”

हसणं थांबलं. तिनं ताट खाली ठेवलं आणि विहिणीकडं वळली.

“इनबाई, हा कधीच बोलत नव्हता. भूकंपाच्या आधी बी न्हाई. मी खोटं सांगितलं तुम्हाला. माझ्या नातवाला वाट बघायला लावू नका.”

 पंचशीलाबाई खुर्चीतून उठल्या, पदर सावरला, पण जायचं कुठं हे न सुचून तिथंच उभ्या राहिल्या. सुनेकडं बघितलं.

रूपालीनं मान वर केली नाही. “मला म्हाईत व्हतं,” ती म्हणाली. “तवा सात वर्षांची व्हते की मी, माय. सगळं आठवतं मला.”

“मग दुपारी इचारलं कशाला?”

“लग्नाच्या वेळी मी बी गप्प राहिले. एकटीनं सांगायचं बळ न्हाई माझ्यात. वाटलं, तू तरी सांगशील.”

पोरांनी माना खाली घालून जेवायला सुरुवात केली. फिरणारं झाकण मंद होत होत आडवं पडलं. सम्यकनं ते उभं केलं आणि सुगतकडं सरकवलं.

सुगतनं ते घेतलं नाही. आज वाक्य “होईल”वाचून मध्येच अडकलं होतं. त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, अगदी आईच्या सुरात, आणि थांबला.

कुणीच “होईल” म्हणालं नाही. तो उत्तराची वाट बघत तसाच उकिडवा बसून राहिला.