तळ्याकाठचा बाक

पंपसाहेब हॉटेलच्या न्हाणीघराच्या दाराला आतून कडी घालून कमोडच्या झाकणावर बसले होते आणि मांडीवर नकाशा पसरून शहर पाठ करत होते. नळ मुद्दाम सोडून ठेवला होता, म्हणजे बाहेर बायकोला वाटावं, अंघोळ चालली आहे.

"अहो, झालं की नाही? मी केव्हाची बूट घालून बसलेय."

"आलोच," ते म्हणाले, आणि मनोऱ्यापासून उजवीकडे वळायचं की डावीकडे, हे तिसऱ्यांदा विसरले.

कारखान्यांना पाण्याचे पंप विकण्यात त्यांची हयात गेली, म्हणून सगळे त्यांना पंपसाहेब म्हणत. त्या पंपांपायी बावीस वर्षांत ते या शहरात एकोणीस वेळा आले होते. दर वेळी तेच. विमानतळावरून गाडीने थेट याच हॉटेलात, दोन दिवस तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत, तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा विमानतळावर. शहर त्यांनी पाहिलं होतं ते गाडीच्या काचेतून, तेही फाईल चाळता चाळता.

पहिल्या खेपेला घरी परतल्यावर बायकोनं हौसेनं विचारलं होतं, "काय काय पाहिलंत?" त्यांनी खरं ते सांगितलं, "काही नाही." तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला. दोन लहान पोरं सांभाळत ती चार दिवस एकटी होती, निदान ऐकायला तरी काही मिळेल अशी तिची आशा होती. ते पंपसाहेबांना फार लागलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी हॉटेलच्या खोलीतली जाड पुठ्ठ्याची माहितीपुस्तिका वाचून घेतली. मग काय, जिभेला काही हाड नसतं. मनोरा झाला, जुना बाजार झाला आणि तिसऱ्या पानावरचं तळं तर असं रंगलं की विचारू नका. त्या तळ्यात त्यांनी होडी वल्हवली, बदकांना पाव घातला आणि काठावरच्या एका बाकावर बसल्या बसल्या त्यांना बायकोची आठवण आली. हे शेवटचं मात्र पुस्तिकेत नव्हतं.

थाप पचली की माणसाला चटक लागते. पुढच्या सतरा खेपांत त्या तळ्यावर चार वेळा सूर्यास्त झाला आणि एकदा तर एक बुडतं पोर वाचलं.

आता ते निवृत्त झाले होते. पोरांनी मिळून आईवडिलांना सहलीची भेट दिली आणि आईला विचारलं, कुठे जायचं? सगळं जग सोडून तिनं हेच शहर सांगितलं. सहल कंपनीच्या बाईनं वाटाड्या देऊ केला, तर ही म्हणाली, "घरचा जाणकार असताना बाहेरचा कशाला?" तेव्हापासून पंपसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मनोरा उंच असल्यामुळे चुकला नाही. ते ऐटीत हात वर करून उभे राहिले.

"हा तो."

"तीनशे पायऱ्या चढला होतात ना? चला, मी पण चढते. हळूहळू चढू."

पायऱ्या त्यांनी पदरच्या घातल्या होत्या. खाली खुर्ची टाकून बसलेला पहारेकरी हसायलाच लागला.

"बाई, मनोरा भरीव आहे. आत काही नाही. घड्याळाला किल्ली द्यायला मागनं शिडी आहे, तेवढीच."

"शिडीच म्हणत होतो मी," पंपसाहेब खोकत म्हणाले.

बायकोनं शिडीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पोटाकडे पाहिलं. बाजार त्यांनी कसाबसा निभावून नेला. बाजारात काय, कुठेही बोट दाखवलं तरी काहीतरी विकत असतातच.

"आता तळं," ती म्हणाली. तिच्या पिशवीत सकाळच्या न्याहारीतले चार पाव कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेले होते, बदकांसाठी.

"ऊन फार झालंय गं. उद्या बघू."

"उद्या सकाळी विमान आहे. आणि मी आलेय ती त्या बाकासाठी."

नकाशात तळं नव्हतंच, हे पंपसाहेबांनी सकाळी न्हाणीघरातच पाहिलं होतं. पण नकाशा लहान असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पुस्तिकेतल्या रस्त्यानं ते निघाले आणि एका चारमजली वाहनतळापाशी येऊन अडले. त्या इमारतीला त्यांनी दोन प्रदक्षिणा घातल्या. तिसरीला बायको थांबली आणि तिनं गळ्यात शिट्टी अडकवलेल्या म्हाताऱ्या राखणदाराला सरळ विचारलं, "इथलं तळं कुठे आहे हो?"

"तुम्ही उभ्या आहात ते तळंच की," राखणदार म्हणाला. "बुजवलं ना. माझं लग्न झालं त्याच वर्षी. तीस वर्षं होऊन गेली."

बायको बोटांवर हिशेब करू लागली. आयुष्यात अनेक वसुलीवाल्यांना तोंड दिलेले पंपसाहेब त्या पाच बोटांपुढे गार पडले.

"बावीस वर्षांपूर्वी तुम्ही पहिल्यांदा आलात," ती सावकाश म्हणाली.

"हो."

"मग होडी?"

"नाही."

"आणि ते पोर? मी सगळ्या आळीला सांगितलं होतं त्या पोराचं."

"पोर कुठलं? मला पोहताही येत नाही. हॉटेलात एक पुस्तिका होती, जुनी. त्यांनी ती कधी बदललीच नाही बघ." हे सांगताना हॉटेलचाच दोष असल्यासारखा त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "तुझं तोंड एवढंसं झालं होतं गं पहिल्या वेळी."

एक गाडी वर चढली, एक उतरली. बायकोनं पिशवीतले पाव काढून राखणदाराला दिले. त्यानंही काही न विचारता घेतले.

"आठवण आली होती म्हणालात, ती?"

"ती आली होती," पंपसाहेब घाईनं म्हणाले. "शप्पत. एकोणीसही वेळा. फक्त बाकावर नाही, बैठकीच्या खोलीत."

"मग ती खोली दाखवा."

हॉटेलच्या तळमजल्यावर दुपारच्या बैठकीची तयारी चालली होती. लांब टेबलावर एक नोकर पाण्याच्या बाटल्या मांडत होता. आत शिरताच पंपसाहेबांचा आवाज आपोआप मोकळा झाला. ही खुर्ची खांबाआड आहे, इथे बसलं की कुणी प्रश्न विचारत नाही. त्या यंत्राचं कॉफीचं बटण दाबलं की चहा येतो. भिंतीवरच्या चित्रातल्या जहाजाला बेचाळीस खिडक्या आहेत, हवं तर मोजून बघ. बायको खरंच मोजायला लागली. एकेचाळीस भरल्या, तेव्हा दोघांनी मिळून पुन्हा मोजल्या.

"आणि ही खिडकी," ते म्हणाले. बाहेर मागच्या अंगणात रिकामी खोकी रचलेली होती. "संध्याकाळी सात वाजता इथे उभा राहून तुला फोन करायचो."

"घरी कसं काय, म्हणून विचारायचात."

"आणि तू म्हणायचीस, सगळं छान."

ती खोक्यांकडे बघत राहिली.

"पहिल्या खेपेला थोरला दवाखान्यात होता," ती म्हणाली. "दोन दिवस सलाईन लावलं होतं. शेजारणीला त्याच्यापाशी बसवून मी सातला धावत घरी यायचे, तुमचा फोन घ्यायला. घेतला की परत."

पंपसाहेबांनी खिडकीची कड धरली.

"कधी बोलली नाहीस."

"नोकरी नवी होती तुमची. टाकून आला असतात." तिनं खांबाआडची खुर्ची ओढली आणि नीट टेकून बसली. "दुसऱ्या खेपेला स्कूटर गेली ना? ती चोरानं नाही नेली. मी शिकायला घेतली होती, नाल्यात गेली. आहेत अशा अजून सतरा थापा. सांगू?"

नोकर बाटल्या मांडून जवळ आला.

"साहेब, तीन वाजता इथे बैठक आहे. खोली मोकळी करावी लागेल."

पंपसाहेबांनी घड्याळात पाहिलं. दीड वाजला होता.

"आमचीही बैठकच आहे," ते म्हणाले आणि दुसरी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.