नैवेद्याआधीचं बोट

गुरुसिद्धप्पानं वकीलबाईंच्या टेबलावर आधी नारळ ठेवला, मग शेंगाचटणीचा डबा आणि डब्यावर कडक भाकरींची चळत. भाकरींना जागा व्हावी म्हणून दोन फायली त्यानंच बाजूला सारल्या.

“मामा, हे कशाला?” धनलक्ष्मी वकील हसू दाबत म्हणाली. सोलापूरच्या कोर्टासमोर तिचं एका खोलीचं ऑफिस होतं, आणि त्या खोलीला आता चटणीतल्या लसणाचा वास सुटला होता.

“वकील धरायचा म्हंजे रिकाम्या हातानं यायचं व्हय, अव्वा? पूजेला जंगमाला बोलवायला जाताना बी नारळ नेतो की आमी.”

तिनं पोलिसांचे कागद उघडले.

“यात लिहिलंय, की गावच्या यात्रेत तुम्ही महादेवप्पांच्या डोक्यात पितळी डाव हाणला. टाके पडले. खरं?”

“खरं.”

“अहो, असं लगेच खरं काय म्हणता!”

“हाणला तर हाणला की. खोटं कशापायी बोलू?”

“बरं. का हाणलात?”

“राग आला.”

“राग का आला?”

यावर गुरुसिद्धप्पा वरच्या पंख्याकडं बघत बसला. सांगायला तोंड होतं, पण सोय नव्हती. त्याच्या गावात बसवण्णाच्या यात्रेला हुग्गी होते. खपली गहू, गूळ, दूध, वेलदोडा, आणि अख्खं गाव पोटभर जेवेल एवढी मोठी कढई. मिसरूड फुटल्यापासून ती हुग्गी गुरुसिद्धप्पाच रांधत आला होता. रीत अशी, की देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत हुग्गीला कुणाची जीभ लागायची नाही, रांधणाऱ्याचीसुद्धा नाही. गूळ किती घालायचा ते नजरेनं ठरवायचं. गेल्या यात्रेत तो चुलीतलं लाकूड सारून उठला, तर त्याचा जिवाभावाचा दोस्त महादेवप्पा कढईवर वाकून बोट चाटत होता! गुरुसिद्धप्पाच्या डोक्यात तिडीक गेली आणि हातातला डाव महादेवप्पाच्या डोक्यात.

महादेवप्पानं कुणाला काही सांगितलं नाही. पण त्याचा पोरगा शिवानंद बापाचं रक्त बघून बिथरला. बापाला घेऊन तो आधी दवाखान्यात गेला, तिथून तडक पोलिसात, आणि बापाच्या नावानं फिर्याद नोंदवली. पोलिसांनी डाव उचलून नेला. बापजाद्यांपासून हुग्गी ढवळणारा हातभर लांब डाव, तो कागदावर ‘धोकादायक हत्यार’ झाला. गावच्या पंचांनी वेगळंच ठरवलं: शिक्षा झाली तर गुरुसिद्धप्पानं पुन्हा त्या चुलीला हात लावायचा नाही.

बोटाचं सांगितलं असतं तर कोर्टानंही समजून घेतलं असतं आणि पंचांनीही. पण मग देवाचा नैवेद्य उष्टा केला म्हणून गावानं महादेवप्पाला जन्मभर नावं ठेवली असती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

“अव्वा, मला सोडव, डाव बी सोडव,” तो म्हणाला. “पण राग का आला ते तेवढं इचारू नगं.”

“मग मी कोर्टात बोलू काय?”

“ते तू शिकलीस की.”

तिनं वकीलपत्र पुढं केलं. त्यानं सही केली ती रेघ सोडून, चांगली बोटभर खाली.

“मामा, रेघेवर करायची.”

“चष्मा घरी ऱ्हायला बघ,” गुरुसिद्धप्पा म्हणाला. चष्मा त्याच्याकडं कधी नव्हताच.

तेवढ्यात दारात खोकला ऐकू आला. पांढऱ्या टोपीखाली टाक्यांची खूण घेऊन महादेवप्पा उभा होता, हातात नारळ. गावातून सोलापूरला सकाळी एकच वडाप सुटतं. दोघं त्याच जीपमधून आले होते, एक ड्रायव्हरशेजारी आणि दुसरा मागच्या फळीवर, एकमेकांकडं पाठ करून. गुरुसिद्धप्पाला बघताच महादेवप्पानं तोंड भिंतीकडं वळवलं आणि भिंतीशीच बोलायला सुरुवात केली.

“अव्वा, ह्याची केस घेतलीस न्हवं? माजी बी तूच घे.”

“तसं चालत नाही मामा. मी आरोपीची वकील, तुम्ही फिर्यादी.”

“मग? लगीन लागताना एकच जंगम दोन्हीकडचं बघतो की!”

“तुमच्या बाजूनं सरकारी वकील असतात. केस सरकार चालवतंय.”

“सरकारचं ह्यानं काय मोडलं? डोस्कं माजं फुटलं!”

“मऊ हुतं म्हणून फुटलं,” गुरुसिद्धप्पानं पंख्याला सांगितलं.

“त्याला सांग, मी त्याच्याशी बोलत न्हाय.”

धनलक्ष्मीनं पदर तोंडाला लावला. महादेवप्पा जरा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर न्याहाळत राहिला, मग आवाज खाली आणून म्हणाला, “शिक्षा किती बसंल त्याला?”

“हत्यारानं मारल्याचं कलम आहे. तीन वर्षांपर्यंत होऊ शकते.”

“आन् मी म्हटलं, मिटवा, तर?”

“या कलमात तसं मिटवता येत नाही.”

महादेवप्पानं टोपी सारखी केली. हातातला नारळ त्यानं गुरुसिद्धप्पाच्या नारळाशेजारी ठेवला आणि निघून गेला.

मग तारखा सुरू झाल्या. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. गुरुसिद्धप्पाला तर ती पायरी नीट दिसतही नव्हती. पहिल्याच तारखेला ठेचकाळला आणि पायऱ्या बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळा झाला. दर तारखेला वडापवाला गावच्या चौकात ओरडायचा, “फिर्यादी बसला! आरोपी कुटं हाय?” आणि आरोपी येईपर्यंत फिर्यादी काही गाडी हलू द्यायचा नाही.

यात्रा तोंडावर आली तेव्हा साक्षीचा दिवस उजाडला. गावातली निम्मी माणसं कोर्टात मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसली, पुजारी मायाप्पा सगळ्यांच्या पुढं. शिपायानं फडकं सोडून डाव टेबलावर ठेवला. पितळ काळं पडलं होतं. मागनं कुणीतरी “अरारा!” केलं.

सरकारी वकिलांनी महादेवप्पाला विचारायचं ते विचारलं. डाव हाच का? हाच. मारणारा हाच का? हाच. महादेवप्पानं सगळं खरं सांगितलं, मान खाली घालून. आता आपलं चुलीपुढं बसणं संपलं, असं गुरुसिद्धप्पा धरून चालला.

मग धनलक्ष्मी उठली. तिनं डाव दोन्ही हातांनी उचलला.

“हा डाव कशाला वापरतात?”

“हुग्गी ढवळाय.”

“माणसं मारायला?”

“छ्या!”

बाकांवर हसू पिकलं.

“मग त्या दिवशी यांना एवढा राग यावा, असं तुम्ही काय केलं होतंत?”

गुरुसिद्धप्पानं पिंजऱ्याचा कठडा धरला. “अव्वा! ते इचारू नगं म्हटलं हुतं न्हवं!”

“आरोपीनं मध्ये बोलायचं नाही,” न्यायाधीश म्हणाले.

“साहेब, त्याचं उत्तर कुणी घेऊ नका! मला शिक्षा द्या आन् मोकळं व्हा!”

“मामा, गप्प बसा!” धनलक्ष्मी कडाडली, आणि गुरुसिद्धप्पा खरंच गप्प बसला. महादेवप्पानं टोपी काढून हातात घेतली. डोक्यावरची टाक्यांची रेघ सगळ्यांना दिसली. त्यानं एकदा मागच्या बाकांकडं बघितलं, एकदा पिंजऱ्याकडं.

“मी नैवेद्याआधी हुग्गीत बोट घातलं, साहेब. घातलं आन् चाटलं. त्यानं हाणला ते देवासाठी हाणला. वरीसभर मला वाचवाय गप ऱ्हायला त्यो. मला आता न्हाय सोसवत.”

मागच्या बाकांवर एकच कालवा झाला. मायाप्पा पुजाऱ्यानं कानाला हात लावले. शिवानंद तर आ वासून बापाकडं बघत राहिला. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना शांत केलं. त्यांनाही आता राहवत नसावं.

“बोट का घातलंत?”

महादेवप्पा घुटमळला. टोपीची घडी घातली, मोडली.

“भूक लागली हुती, साहेब.”

“थेरड्या!” मागनं कुणीतरी म्हणालं, आणि अख्खं कोर्ट हसलं. सरकारी वकील हसले, टाइप करणाऱ्या बाईंचा हात थांबला. न्यायाधीशांनी चष्मा पुसायला घेतला.

“मग? चव कशी होती?”

“गूळ कमी हुता.”

“न्हवता!” गुरुसिद्धप्पा पिंजऱ्यातून गरजला. “मापात हुता! माज्या हातचा गूळ कमी पडला न्हाय कधी!”

पुन्हा हशा झाला. पण गुरुसिद्धप्पाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्याला एकदम आठवलं. यात्रेच्या दिवशी महादेवप्पा नैवेद्य होईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे. पोरवयापासून नाही. त्याला भूक लागली म्हणून तो देवाच्या कढईत बोट घालेल? मग आठवलं की त्या दिवशी गुळाची पाटी नुसतीच तांबूस, पसरट दिसत होती, आणि आपण धुराला नावं ठेवली होती. पंगतीत बायका म्हणत होत्या, औंदा हुग्गी जरा फिकी वाटती. तंट्यामुळं तोंडाची चव गेली असंल, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं. गावाला वर्षभर आपल्या नजरेचं काही कळलं नव्हतं. महादेवप्पाला तेव्हाच कळलं होतं, आणि भर कोर्टात हावरट ठरायची पाळी आली तरी तो ते बोलला नव्हता. कठड्यावरचे हात गुरुसिद्धप्पाला काढवेनात.

धनलक्ष्मी मात्र पेटली होती. “साहेब, हा डाव हत्यार नव्हे, भांडं आहे. आणि राग फिर्यादीनंच आणून दिला. अशी चिथावणीतून झालेली किरकोळ इजा कायद्यानं तडजोडीत बसते.”

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांकडं बघितलं. त्यांनी हात वर केले. “माझी हरकत नाही, साहेब. मीपण जत्रेचाच माणूस.”

तडजोडीचा कागद तयार झाला. आधी महादेवप्पानं सही केली. गुरुसिद्धप्पानं पेन घेतलं, कागद जवळ धरला, लांब धरला. पांढऱ्यावर नुसतं करडं दिसत होतं. तेवढ्यात शेजारून एक बोट आलं आणि कागदावर टेकलं.

“हितं,” महादेवप्पा हळूच म्हणाला. वर्षात पहिल्यांदाच तो त्याच्याशी थेट बोलत होता.

गुरुसिद्धप्पानं त्या बोटाशेजारी सही केली. बरोबर रेघेवर.

पायऱ्या उतरताना शिवानंदनं डाव खांद्यावर घेतला होता आणि मान खाली घातली होती. गाव भोवती गोळा झालं. आता बोटाचा निवाडा बाकी होता. सगळ्यांनी मायाप्पाकडं बघितलं. मायाप्पानं बराच वेळ भुवया ताणून धरल्या.

“बसवण्णानं गोड मानून घेतलंय, आता आपुन कोण बोलणार? पण दंड हाय. औंदाची समदी लाकडं म्हाद्यानं फोडायची आन् चुलीपाशीच बसायचं, बोट आवरून!”

“बसतो की!” महादेवप्पा म्हणाला. परतीच्या वडापमध्ये दोघं मागच्या फळीवर बसले. वडापवाल्यानं आरशात बघून विचारलं, “आता तुमाला काय म्हणून हाक मारायची?” आणि दोघांनी एकदमच त्याला शिवी हासडली.

यात्रेच्या दिवशी चिंच लावून घासलेला डाव उन्हात झळकत होता. धनलक्ष्मीलाही आमंत्रण होतं. ती बायकांत बसून वेलदोडे सोलत होती. कढईत गहू रटरटत होता. लाकडं फोडून दमलेला महादेवप्पा चुलीशेजारी बसला होता, हात काखेत दाबून. येणारा-जाणारा त्याला चिडवून जात होता, “म्हाद्या, भूक लागली का रं?” आणि तो दर वेळी “लागली!” म्हणून ओरडत होता.

गुरुसिद्धप्पानं गूळ घातला. ढवळलं. कढईत डोकावला. पुन्हा थोडा घातला आणि थांबला. मायाप्पा देवळात नैवेद्याची तयारी करत होता. चुलीपाशी ते दोघंच होते.

गुरुसिद्धप्पानं डाव महादेवप्पाच्या हातात दिला, गुळाची पाटी पायानं त्याच्याकडं सरकवली आणि स्वतः कढईकडं पाठ करून चुलीपुढं वाकला.

“लई धूर झाला बाबा!” लाकडं सारत तो चांगला मोठ्यानं म्हणाला. “मला तर काय दिसंना झालंय!”

मागं डाव कढईच्या काठाला लागला. मग चुटकन बोट चाटल्याचा आवाज झाला, आणि गुळाचे दोन मोठे खडे कढईत पडले.